मागील पानावरून

वडगाव, बेळगाव
शनिवार, ३ जानेवारी २०२६

शऱ्या,

स. न. वि. वि. वगैरे सगळं धरून चाल. पानाच्या वर २० ऑगस्ट छापलेलं दिसेल, गोंधळू नकोस. गेल्या वर्षीची डायरी निम्मी कोरी राहिली, पानं फेकायची कशाला म्हणून त्यांच्यावरच लिहितोय. आता तू वहिनींना हाक मारून सांगणार, "बघ, दिन्याचा आबा झाला, वडलांसारखाच काटकसरी." सांग. मी तेच लिहायला बसलोय.

फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतोस. तब्येत बरी. शुगर जागेवर, हिचे गुडघे होते तसेच. पाठ उत्तम आहे. पाठ नोव्हेंबरातही उत्तमच होती. तिथं येतो, जरा दम धर.

आपलं नवं वर्ष गुढीपाडव्याला, व्यापाऱ्यांचं दिवाळीच्या पाडव्याला, सरकारचं १ एप्रिलला. मी मात्र हिशोबाची वही १ जानेवारीला उघडतो, कारण त्या दिवशी भिंतीवरचं कॅलेंडर बदलतं आणि दुधाचे खाडे नव्या पानावर मांडावे लागतात. यंदा जरा जास्तच मनावर घेतलं, कारण पगाराशिवायचं हे पहिलं जानेवारी. जूनमध्ये साठ भरली, उद्यमबागेतल्या फौंड्रीला रामराम केला. पीएफचं पेन्शन तीन हजारांच्या आसपास येतं. हसू नकोस, किमान पेन्शन २०१४ पासून हजारावरच आहे, त्या मानानं मी जहागीरदार. बाकी ठेवींचं व्याज, आणि अभि पाठवतो ते.

अभिनं जुलैतच बंगळूरहून मला एक्सेलचा तक्ता पाठवला होता. पन्नास-तीस-वीस म्हणे. उत्पन्नातले पन्नास टक्के गरजेला, तीस टक्के हौसेला, वीस टक्के शिलकीला. रकाने भरले की चौकोन आपोआप हिरवे होतात, जास्त खर्च झाला की लाल. मी विचारलं, हौस म्हणजे काय रे? तर बाहेरचं जेवण, सिनेमा, प्रवास. म्हटलं, आणि लग्नकार्य? तो जरा थांबला आणि म्हणाला, "बाबा, इट डिपेंड्स." एवढा पगार घेतो आणि उत्तर हे.

हिची पद्धत वेगळी. एक तारखेला बँकेतनं रोख आणायची आणि पाकिटांत वाटायची. दूध, किराणा, गॅस, औषध, वर्गणी-देवधर्म. पाकिटं कसली, तर आलेल्या लग्नपत्रिकांची. कागद जाड, वर्षभर टिकतात. गणपतीच्या खाली 'गॅस' लिहिलेलं असतं. पाकीट रिकामं झालं की त्या महिन्यापुरतं ते दुकान बंद. मी आधी हसायचो, पण बघितलं, फोननं पैसे दिले की हाताला काही कळतच नाही. कडोलीची भाजीवाली असते ना, तिच्याकडंही आता तो चौकोन चिकटवलेला आहे. पन्नासची मेथी-वांगी कधी ऐंशीची होतात, पत्ता लागत नाही. शंभराची नोट मोडताना मात्र जीव थोडा थांबतो.

माझ्या बाकीच्या करामती ऐक, म्हणजे पुढचं समजेल. टूथपेस्टची ट्यूब संपली की मी ती कात्रीनं आडवी कापतो, आत अजून चार दिवसांची निघते. सप्टेंबरात जीएसटी अठरावरून पाचवर आला, ट्यूब स्वस्त झाली, तरी कात्री आहेच. साबणाची चिपटी नव्या साबणाला ओली असताना चिकटवतो. हे फौंड्रीतलं. आमच्याकडं कास्टिंगला चिकटून राहिलेले जादा तुकडे, रनर-रायझर, तोडून परत भट्टीत जायचे, एक तुकडा वाया जात नव्हता. एवढी वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला साबण फेकवत नाही. कपिलेश्वरच्या पुलावरनं उतरताना स्कूटर बंद करतो. परवा मागनं एकजण ओरडला, "काका, पेट्रोल संपलं काय?" मी हात केला, चाललंय म्हटलं. तू मला हसू नकोस, पुण्याहून येताना कोगनोळीपर्यंत टाकी काट्यावर आणून कर्नाटकात भरणारा माणूस तू.

विजेचं तर विचारूच नकोस. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आमच्या वाट्याला जेवढी युनिटं आहेत त्यांच्या आत राहिलं की बिल शून्य. म्हणून मी रात्री घरभर बटणं बघत हिंडतो. शून्य रुपयांची बिलं मी तारीखवार फाईल केलीत. ही म्हणते, ती फ्रेम करून लावा. आणि बसचं काय? बायकांना सरकारी बस फुकट. आम्ही दोघं खानापूरला जातो, हिला कंडक्टर शून्याचं तिकीट देतो, मी पैसे मोजतो. शेजारी बसून ही खिडकीतनं बघत असते, राणीसारखी. घरच्या बाईला सरकार देतं ते गृहलक्ष्मीचे महिन्याचे दोन हजारही हिच्याच नावावर. तिकडं महाराष्ट्रात, कागलात, आमच्या आक्काला लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात. गणपतीत दोघी एकत्र आल्या तर हिनं भर पंगतीत विचारलं, "सीमाप्रश्न सुटला तर माझ्या पाचशे रुपयांचं काय?" १९५६ पासून कुणाला हे सुचलं नव्हतं. आमचे मामा, लाठ्या खाल्लेले, तेसुद्धा भाताचा घास हातात धरून बसले.

तर नोव्हेंबर.

तुमच्या गौरीच्या लग्नाची पत्रिका आली, तू तीनदा फोन केलास, वहिनींनी हिला वेगळा केला. मी त्या रात्री जेवण झाल्यावर आहेराची वही काढली. अभिच्या लग्नातली, २०१९ ची. तुझ्या नावापुढं लिहिलंय, ३,००१ आणि स्टीलचं पिंप. आता पुढचं लिहिताना कान गरम झालेत, पण लिहितो. मी त्या ३,००१ वर सहा टक्क्यांनी सहा वर्षांचं व्याज लावलं, शऱ्या. चक्रवाढ. ४,२५७ आले. ते वर ओढून ५,००१ केले आणि मनात म्हटलं, चला, आपण मोठ्या मनाचे. मग बाकीचं मांडलं. रेल्वे जाऊन-येऊन १,२००, पुण्यातल्या रिक्षा ८००, हिची साडी २,५००, आहेर ५,००१, गौरीच्या हातात १,००१, कुंदा आणि किरकोळ ९००. अकरा हजार चारशे दोन. अभिच्या तक्त्यात ते कुठं घालावं कळेना, म्हणून हौसेत घातलं. आणि हौस त्या महिन्याची दिवाळीनंच खाल्ली होती. सगळा रकाना लाल झाला.

मी तो आकडा खोडला. रकाना परत हिरवा.

पैसे नव्हते असं समजू नकोस. बँकेत होते, रकान्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी तुला फोन करून पाठीचं सांगितलं, आवाज पण जरा कण्हल्यासारखा काढला. तू म्हणालास, "जप रे, येऊ नकोस, प्रवास झेपायचा नाही." हिला सांगितलं की तुम्ही घरच्या घरीच उरकताय. म्हणजे दोघांना दोन थापा, आणि दोन्ही फुकटात. हिला चार दिवसांत कळलं. सुऱ्याच्या बायकोनं फोटो दाखवले, मंडपात अर्धं निपाणी. ही काही बोलली नाही. त्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापतानाचा आवाज जरा मोठा होता, एवढंच.

मी आपला गप्प. मग दोन महिने तुलाही फोन नाही, कारण पाठ कशी आहे विचारलंस तर काय सांगायचं?

परवा एक तारखेला वही घेऊन बसलो. नव्या पानावर पहिली ओळ 'मागील शिल्लक'. तेवढ्यात अभिचा व्हिडिओ कॉल. तक्ता त्याच्यापुढंही उघडा होता. म्हणतो, "बाबा, नोव्हेंबर मस्त गेला की तुमचा! असंच ठेवा." ही शेजारीच पाकिटं मांडत होती. मी मोजली तर एक जास्त. गौरीच्या पत्रिकेचं, तांबूस रंगाचं, कोपऱ्यात सोनेरी कलश असलेलं. त्यावर हिनं काही लिहिलं नव्हतं, नाव आधीच छापलेलं होतं. उघडून बघितलं तर आत चार हजार, पाचशेच्या नोटा, घडी न पडलेल्या. गृहलक्ष्मीचे. मी विचारलं, हे कशातनं? म्हणाली, "ते माझ्या हिशोबात आहे. तुमच्या वहीत मांडू नका."

शिल्लकेची ओळ तशीच कोरी ठेवून मी उठलो. अजून कोरी आहे.

हे मी आणखी कुणाला सांगू? अभिला सांगितलं तर तो रकाना वाढवून देईल. तुला सांगतोय कारण तू कोल्हापुरातली, शिवाजी पेठेतली आपली खोली बघितलीस. वही तेव्हाही माझ्याकडं, कारण तुला बेरीज येत नव्हती (अजून येत नाही, त्या भिशीचं काय झालं मला माहीत आहे). मावशींच्या मेसचा नियम, तीन दिवस सलग गेलात तरच खाडा. तू शुक्रवारी दुपारी जेवून निपाणीला गेलास, सोमवारी दुपारी ताटावर येऊन बसलास. तुझं म्हणणं तीन दिवस, माझं म्हणणं अडीच. मावशींनी मला विचारलं आणि मी अडीच सांगितलं. तुझे बारा रुपये गेले. आठ दिवस आपण एका खोलीत राहून सुऱ्यामार्फत बोलत होतो. "त्याला सांग, दिवा बंद कर." तुझं अजूनही म्हणणं असेल की मी तेव्हा चुकलो. मी चुकलो नव्हतो, अडीचच होते. पण आता वाटतं, मावशींना बारा रुपयांनी काय फरक पडणार होता, आणि मला विचारलं कशाला होतं त्यांनी?

आबांचं सारखं आठवतं. आपण त्यांना काय काय म्हणायचो! सुतळ्या गुंडाळून ठेवायचे, पाकिटं उलटी करून परत वापरायचे, देवळात चप्पल जाईल म्हणून अनवाणी जायचे. पण तुझ्या दादाच्या लग्नाला बघ. मे महिना, एसटीला उभं राहून बेळगावहून निपाणी, आहेर अकरा रुपये, आणि खांद्यावर पोत्यात परसातला फणस. तुझ्या आत्यानं त्या फणसावरनं नाक मुरडलेलं मी बघितलं, मला लाज वाटली होती. आबांना वाटली नाही. ते पहिल्या पंगतीत बसले, दोनदा जिलबी मागून घेतली, आणि रात्री तुमच्याच अंगणात झोपले. आबा पैसे वाचवायचे, ते कुठंतरी जायला मिळावं म्हणून. मी कशासाठी वाचवतोय ते मला परवापासून सांगता येईना. औषधपाण्याला म्हणावं तर त्याची ठेव वेगळी आहे. अभिला नको आहेत. नातवंडं अजून नाहीत. रात्री बटणं बघत हिंडताना हेच डोक्यात असतं. आणि तरी काल मी ट्यूब कापलीच. ती सवय सोडायची की नाही, तू सांग. नाही, तू सांगू नकोस, तू भिशीवाला.

बरं, मुद्दा. गौरीची पहिली संक्रांत तुमच्याकडं आहे ना? हिनं वडगावातल्या मागावरची काळी साडी घेतलीय, त्या तांबूस पाकिटातनं, मला किंमत सांगत नाही. हलव्याचे दागिने पण घरीच करायला बसलीय, सगळ्या घरात साखरेचा पाक आणि मुंग्या. आम्ही १२ ला संध्याकाळी गोवा एक्सप्रेसनं निघतो, पहाटे पुणे. वंदे भारतचं तिकीट बघितलं आणि मुकाट्यानं स्लीपर काढलं. साठ पूर्ण झाली म्हणून खूश होतो, तर ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० सालीच बंद झालेली. आपलं नशीब. ५,००१ आणतोय, व्याज न लावता. आणि बारा रुपये वेगळे, सुट्टे.

तुझं काय? वारज्याचा फ्लॅट अजून गळतो का? वहिनींचं मोतीबिंदूचं झालं की राहिलं? जावई बरा आहे असं सुऱ्या म्हणाला, पण सुऱ्याला सगळेच बरे वाटतात. नवी तूरडाळ रविवार पेठेत यायला लागलीय, दहा किलो आणू का? तिकडं काय भाव आहे तेवढं बघून ठेव, फरक पडत असेल तरच ओझं उचलतो.

स्टेशनवर येऊ नकोस, झोप मोडून घेऊ नकोस. पहाटे वारज्याला रिक्षावाला किती मागतो, तेवढं आधी कळव.

तुझा,
दिन्या