मंजूर प्रूफ एक, छापून आले दुसरेच : व्हिजिटिंग कार्डांबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष छपाईची १,००० व्हिजिटिंग कार्डे बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तासगाव तालुक्यात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी, स्टार्टर, केबल ही कामे मी करतो. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षबागायतदार. तुमच्या कंपनीकडून मी १,००० व्हिजिटिंग कार्डे मागवली आणि पैसे आगाऊ भरले. आलेल्या बॉक्समधले एकही कार्ड वापरण्याजोगे नाही. हेल्पलाइनवर फोन केला की ‘प्रूफ (छपाईआधी दाखवलेला नमुना) तुम्हीच मंजूर केले होते, कस्टम ऑर्डर परत घेत नाही’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून सगळे लेखी कळवत आहे.

हे कार्ड कशासाठी हवे आहे ते ऑर्डर देतानाच तुमच्या प्रतिनिधीला सांगितले होते. पुन्हा सांगतो, कारण तक्रारीचे मूळ तिथेच आहे. माझे कार्ड कुणाच्या पाकिटात जात नाही. मोटार बसवून झाली की कार्डाच्या मागच्या बाजूला मी बॉलपेनने एचपी, किती फुटांवर सोडली, किती पाइप लागले, रिवाइंडिंगची तारीख आणि गॅरंटी कधीपर्यंत हे लिहितो आणि कोपऱ्याला भोक पाडून ते स्टार्टरच्या पेटीत तारेने अडकवतो. शेतीची लाइट रात्रपाळीला असते तेव्हा पाणी पाजायला मालक स्वतः असेलच असे नाही. कधी गडी असतो, कधी घरातली बाई. मोटार बंद पडली तर बॅटरीच्या उजेडात त्यांना माझा नंबर वाचता आला पाहिजे. मालकाच्या मोबाइलमध्ये तो सेव्ह असून त्या वेळी उपयोग नसतो. मागचा मजकूर त्यांनी फोनवर वाचून दाखवला की किती पाइप काढायचे, किती माणसे न्यायची हे मला दुकानातच कळते आणि एक हेलपाटा वाचतो.

यासाठीच ऑर्डर फॉर्मवर स्पष्ट लिहिले होते : ३५० जीएसएम वजनाचा जाड कागद, पुढून मॅट (न चकाकणारे) लॅमिनेशन, मागची बाजू बिनलॅमिनेशनची. तुम्ही दोन्ही बाजूंना ग्लॉस (चकचकीत) लॅमिनेशन करून पाठवले. त्यावर बॉलपेन नुसते घसरते. मार्करने लिहून पाहिले, तर डिझेलचा हात लागताच अक्षर पुसून जाते. पुढची बाजूही अशी चकाकते, की बॅटरीचा झोत पडला की नंबर दिसेनासा होतो.

मराठी मजकुराचे तर फारच वाईट झाले आहे. तुम्ही पाठवलेल्या प्रूफच्या पीडीएफमध्ये अक्षर न् अक्षर बरोबर होते. छापून आलेल्या कार्डावर ‘दुरुस्ती’मधले जोडाक्षर फुटून पाय मोडका ‘स’ वेगळा आणि ‘ती’ वेगळी पडली आहे. ‘विहिरीवरील’मधल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या उलट बाजूला गेल्या आहेत. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे पक्के आकार, न करता, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की असेच होते. छापखान्यात काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असते. ‘वाचता तर येते ना,’ असे तुमचा प्रतिनिधी म्हणाला. मला हे उत्तर मान्य नाही. माझे गिऱ्हाईक मराठीत वाचते. ज्याला आपले कार्ड धड छापून घेता येत नाही त्याच्यावर मोटारीचा भरवसा कसा ठेवायचा, असा विचार त्याच्या मनात आला तर त्याचे काय चुकले?

मोबाइल नंबर फक्त काळ्या शाईत छापायला सांगितले होते. तो छपाईचे चारही रंग एकावर एक देऊन छापला आहे आणि रंग जुळलेले नाहीत, त्यामुळे आकड्यांच्या कडेला लाल-निळी छटा येऊन ते दुहेरी दिसतात. ६ आहे की ८, हे मला स्वतःला दिवसाउजेडीसुद्धा निरखून पाहावे लागते. शिवाय तुमच्याच टेम्प्लेटप्रमाणे ८९ बाय ५१ मिलिमीटरच्या कार्डावर चहूबाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा छपाई) सोडून, मजकूर कडेपासून ५ मिलिमीटर आत ठेवला होता. तरी बॉक्समधल्या खालच्या गठ्ठ्यात कटिंग सरकल्याने नंबरचा शेवटचा आकडा अर्धा कापला गेला आहे आणि डावीकडे पांढरी पट्टी राहिली आहे. कुणीतरी गठ्ठा उलटून पाहिला असता तर हे लगेच दिसले असते.

मी प्रूफ मंजूर केले हे खरे आहे. माझी मागणीही त्या प्रूफप्रमाणे माल द्या एवढीच आहे. ऑर्डर फॉर्म, मंजूर पीडीएफ आणि आलेल्या कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत. शेजारी ठेवून पाहावेत.

तरी ही कार्डे तुमच्या खर्चाने नव्याने छापून द्यावीत. सगळी छपाई करण्यापूर्वी एक छापील नमुना कुरिअरने पाठवावा. मी त्यावर पेनने लिहून बघेन आणि मगच होकार देईन. सदोष बॉक्स तुम्हीच परत न्यावा. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की बागांना पाणी चालू होते आणि माझ्या कामाची घाई तेव्हाच असते. त्यामुळे नवी कार्डे सप्टेंबरअखेर माझ्या हातात पडली पाहिजेत. ते जमणार नसेल तर कुरिअर खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार नोंदवीन. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याने त्या कामापुरती घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठीची धरली जात नाही, याची नोंद घ्यावी.

आपला ग्राहक,
मोटार रिवाइंडिंग व्यावसायिक,
तासगाव, जि. सांगली