बाटली जपतो, तसा लस घेणाराही जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लसीकरणाच्या बातमीत आकडा एकच असतो: उद्दिष्ट किती टक्के पूर्ण झाले. बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी करताना त्या आकड्यासाठी मीही तांडे, वस्त्या पायाखाली घातल्या, त्यामुळे त्याची किंमत मला कळते. पण डोस टोचला की काम संपले, असे आपण धरून चालतो, आणि तिथेच एक गोष्ट सुटते. लस शरीराला रोगाची ओळख करून देते. पुढे त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करायची ती शरीरानेच. ते शरीर किती रात्री जागले आहे, त्याच्या जिवाला कशाचा घोर आहे, याचा रकाना आमच्या एकाही रजिस्टरमध्ये नव्हता.

बाटलीची मात्र आम्ही डोळ्यांत तेल घालून काळजी घेत होतो. 2 ते 8 अंश तापमान, निळ्या कॅरिअरमधले आइसपॅक, बाटलीवरच्या गोलातला तो छोटा चौकोन. उष्णता लागून चौकोन गडद होऊन गोलाच्या रंगाला आला की बाटली बाजूला. हे सगळे हवेच. पण ज्याच्या दंडात ती लस जाते, त्याला "रात्री झोप झाली का, सकाळपासून काही खाल्ले का" एवढे विचारायलाही सत्राच्या घाईत सवड मिळत नसे.

हा नुसता मायेचा प्रश्न नाही. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि रोनाल्ड ग्लेझर या दांपत्याने याचा अनेक वर्षे अभ्यास केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नवऱ्याची किंवा बायकोची घरी सेवा करणारी 32 माणसे आणि तसा भार नसलेली 32 माणसे यांनी फ्लूची लस घेतल्यावर काय झाले, हे त्यांनी 1996 मध्ये मांडले. भार नसलेल्यांपैकी 66 टक्के लोकांत प्रतिपिंडे चौपट वाढली, सेवा करणाऱ्यांपैकी 38 टक्क्यांत. त्याआधी 1992 मध्ये परीक्षेच्या दिवसांत हिपॅटायटिस-बीची लस घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत त्यांना असे दिसले होते, की ज्यांच्या मागे माणसांचा आधार जास्त, त्यांच्या शरीराने तिसऱ्या डोसला जास्त जोरकस उत्तर दिले. एकटेपणाचेही तसेच आहे. 2005 मधल्या एका अभ्यासात कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या ज्या मुलांना एकटे वाटत होते, त्यांच्यात फ्लूच्या लसीतल्या एका घटकाविरुद्धची प्रतिपिंडे कमी निघाली. ताण महिनोन्महिने टिकला की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची रोजची लय बिघडते आणि प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या कामावर परिणाम होतो, असे याचे कारण सांगतात.

झोपेचेही पाहा. शिकागोत काही निरोगी तरुणांना ओळीने काही रात्री चारच तास झोपू दिले आणि त्या काळात फ्लूची लस टोचली. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दहा दिवसांनी त्यांची प्रतिपिंडे पोटभर झोपणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होती. पुढच्या काही आठवड्यांत हा फरक बराचसा भरून निघाला, हेही सांगितले पाहिजे. हे अभ्यास लहान आहेत, परदेशातले आहेत. त्यांतून "ताण असेल तर लस घेऊ नका" असा अर्थ कोणी काढला, तर तो घातक ठरेल. थकलेल्या माणसाला लस जास्त गरजेची असते, कारण आजारही त्यालाच आधी गाठतो.

आता आपल्याकडे या. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, धाराशिवच्या गावांतून ऊस तोडायला कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, निघतात. आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. पहाटे अंधारात फड गाठायचा, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि रात्री-अपरात्री गाडी आली की भरायला उठायचे. तिथल्या कोपीत राहणाऱ्या गरोदर बाईला आपण टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे) इंजेक्शन देतो. तिची झोप चार तासांची तरी होते का? आणि मागे गावात राहतात म्हातारी माणसे, नातवंडांना सांभाळत, फोनची वाट बघत. ओहायोतल्या त्या सेवेकऱ्यांसारखा भार इथे आहेच, आणि शिकागोतले ते जागरण इथे प्रयोगासाठी मुद्दाम घडवून आणावे लागत नाही. त्यात ज्या घरात कर्जापायी कर्त्या माणसाने जीव दिला, तिथली बाई पोराला कडेवर घेऊन लसीच्या रांगेत येते तेव्हा आपण तिला फक्त पुढची तारीख सांगतो.

मनाचा दुसरा परिणाम तर डोळ्यांनी दिसतो. शाळेत टीडी देताना एका वर्गात सगळ्या मुलींची रांग लावलेली. स्पिरिटचा वास, पुढचीचा आखडलेला दंड, मागून कोणीतरी म्हणते, "लई दुखतंय." चतुर्थी असली की निम्म्या मुली उपाशी. एक चक्कर येऊन खाली बसते आणि पाहता पाहता आणखी चार. पालक धावत येतात, "लसच खराब होती" असे गावभर होते आणि पुढच्या सत्राला कोणी फिरकत नाही. त्या मुली नाटक करत नसतात. भीतीने खरोखरच रक्तदाब उतरतो, हात गार पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने लसीकरणाच्या ताणातून होणाऱ्या अशा त्रासाबद्दल 2019 मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. कोविड लसीच्या 12 चाचण्यांचा 2022 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा लस नसलेले, नुसते दिखाऊ इंजेक्शन घेतलेल्यांपैकीही सुमारे 35 टक्के लोकांनी पहिल्या डोसनंतर डोकेदुखी, थकवा असे त्रास सांगितले. म्हणून "गप बैस, नाहीतर सिस्टर सुई टोचतील" असे लेकरांना घाबरवणाऱ्या आयांना माझे हात जोडून सांगणे आहे, हे बंद करा.

यावर फार पैसा लागणार नाही. शाळेत एकेका मुलीला पडद्याआड, बसवून किंवा आडवे करून टोचावे, आधी खायला द्यावे. फडावरचे सत्र रात्रभर गाडी भरलेल्या बायकांना सकाळीच उठवून घेऊ नये; मुकादमाशी बोलून, त्यांच्या विश्रांतीनंतरची वेळ ठरवावी. एकट्या म्हाताऱ्यांकडे आशाताईंनी लसीनंतर एकदा डोकावावे आणि या जादा फेरीचा मोबदला त्यांना मिळावा. आहे त्याच मानधनात आणखी एक काम नको. लसीच्या कार्डावर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक छापावा.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. जिल्ह्याच्या लसीकरण आढावा बैठकीला जाल, तेव्हा टक्केवारीसोबत हेही विचारा: सत्राच्या ठिकाणी बसायला जागा आणि प्यायला पाणी होते का, आणि लस घेणाऱ्याशी दोन मिनिटे बोलायला सिस्टरकडे वेळ होता का? या प्रश्नांची उत्तरे छापून आली, तर पुढच्या सत्राला निदान बाकडी तरी येतील.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
अंबाजोगाई, जि. बीड