रोपं वाचली तर टोमॅटो लागतील ना!

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या बागेचं पान येतं ते मी न चुकता वाचते, कात्रणं पण काढून ठेवलीयेत. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात आहे, आज लिहूनच टाकते. फोटो असतो लालबुंद टोमॅटोंनी लगडलेल्या कुंडीचा आणि मजकुरात रोपांबद्दल काय, तर बी पेरावे, महिनाभराने रोपे लावावीत, संपलं. अहो, तो जो महिना आहे ना त्यातच तर सगळं आहे! २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला १०० रुपयांच्या वर गेला तेव्हा आमच्या सोसायटीत दहा-बारा घरांनी हौसेनं बी टाकलं, त्यातल्या दोनच घरी टोमॅटो धरले, बाकीच्यांची रोपं मोठ्या कुंडीत जायच्या आधीच गेली आणि सगळ्यांनी एकच म्हटलं की आमच्या हाताला गुण नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हाताच्या गुणाचा इथे काही संबंधच नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, आता मी नाशिकला तिसऱ्या मजल्यावर राहते. वडील रोपं घरीच करायचे, तेव्हा आमच्याकडे प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठीचे खळग्यांचे ट्रे, वगैरे नव्हते, वीतभर उंचीचा गादीवाफा असायचा, त्यावर चार-चार बोटांवर रेघा ओढून त्यात बी, वरून चाळलेलं शेणखत आणि त्यावर उसाचं पाचट. पहिले कोंब वर आलेले दिसले की त्याच संध्याकाळी पाचट निघालंच पाहिजे हा त्यांचा नियम, एक दिवस जरी उशीर झाला तरी रोप पांढरट आणि लांबुळकं व्हायचं. आणि तंबाखू मळलेल्या हातानं कुणी वाफ्यात बसलं तर आधी हात साबणानं धुवायला पाठवायचे. आम्हाला ती जुनी समजूत वाटायची, पुढे कळलं की तंबाखूतून मोझॅक व्हायरस टोमॅटोला खरंच लागू शकतो.

आता शहरात काय होतं ते सांगते. शेजारच्या काकूंनी दह्याच्या डब्यात माती भरून बी टाकलं, सहाव्या दिवशी मस्त उगवलं, नवव्या दिवशी सकाळी बघतात तर अर्धी रोपं आडवी. त्यांनी मला बोलावलं तोपर्यंत पाणी कमी पडलं म्हणून अजून एक पेला ओतून झाला होता. मी एक रोप उचलून त्यांना दाखवलं, वरची दोन पानं अजून हिरवीगार, पण मातीला टेकतो तिथे देठ शिवायच्या दोऱ्याएवढा बारीक आणि तपकिरी, पाणी सुटल्यासारखा. हा मर रोग, बुरशीनं होतो. रोपं तहानेनं नाही, पाण्यानं गेली होती, डब्याला खाली भोकं नव्हती आणि माती कुंडीतलीच जुनी, त्यात बुरशी आधीच असणार. एकदा मर लागली की त्या रोपाला औषध नाही, लागू नये म्हणूनच बघायचं.

म्हणून मी माती घेतच नाही, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत घेते, दोन वाट्या कोकोपीटला एक वाटी खत, त्यात चमचाभर ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी. कोकोपीटची वीट भिजवल्यावर ते दोन-तीन पाण्यात धुवून घट्ट पिळून घ्यावं, त्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. बी पाव इंचापेक्षा खोल नको. ट्रे झाकून ठेवायचा तो फक्त कोंब दिसेपर्यंत, आपल्याकडच्या हवेत पाच ते आठ दिवस लागतात, थंडीत जरा जास्त. मग पाणी कधी घालायचं तर वरचा थर गडद रंगाचा फिकट झाला की, आणि तेही सकाळी, रात्री रोपाच्या बुडाशी ओल राहता कामा नये. मी तर ट्रे उचलूनच बघते, हाताला हलका लागला तरच पाणी.

दुसरी चूक खिडकीची. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेली रोपं आठवड्यात वीतभर उंच होतात आणि लोकं खूश होऊन फोटो पाठवतात. पण ती वाढ नाही हो, ती उजेडासाठी मान काढतायत, असं रोप बाहेर नेलं की पहिल्याच वाऱ्यात कोलमडतं. उगवल्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन निदान चार तास तरी हवंच. लांबलेलं रोप लगेच टाकून मात्र देऊ नका. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात, बारकाईनं बघितलं तर देठावर बारीक पांढरे फोड दिसतात ते तेच, त्यामुळे दुसऱ्या भांड्यात हलवताना खालच्या पानांपर्यंत देठ मातीत गाडला की रोप सावरतं. मिरची-वांग्याला हे असं जमत नाही.

आणि पांढरी माशी. ती एवढीशी असते की कुणी मनावर घेत नाही, पण बोकड्याचा व्हायरस तीच आणते आणि रोप लहान असताना तो लागला तर पानं वळतात, झाड खुजं राहतं, फळाची आशाच सोडायची. वरून मच्छरदाणी टाकून उपयोग नाही, तिच्या भोकांतून ही माशी आरामात आत जाते, कृषी सेवा केंद्रात बारीक विणीची ४० मेशची (इंचाला चाळीस भोकं) नेट मिळते ती घ्यावी, मीटरभर पुष्कळ होते.

पंचविसाव्या दिवसाच्या आसपास रोपाला पाच-सहा पानं येतात, उंची साधारण वीतभर, तेव्हा लावायला तयार. त्याआधीचे चार-पाच दिवस पाणी थोडं कमी आणि ऊन जास्त करत न्यायचं म्हणजे रोप काटक होतं, आणि लावायचं संध्याकाळी. लोकं नर्सरीत जाऊन इवल्याशा पिशवीत फूल आलेलं रोप निवडून आणतात, त्यांना वाटतं तयार झाड मिळालं. मीही एकदा अशी दहा आणली होती, घरी पिशवी फाडली तर आत मुळांचं नुसतं वेटोळं. रोप कधीचं ते विचारलं होतं तर सांगता आलं नाही, जात विचारली तर म्हणे हायब्रीड आहे, एवढंच. दहातलं एकही नीट वाढलं नाही.

इथेच माझं म्हणणं आहे. रोप विकताना पिशवीवर किंवा ट्रेवर जातीचं नाव आणि पेरल्याची तारीख लिहायला कितीसा खर्च येतो? बियाण्याचंही तेच, दुकानात हायब्रीड बी मागितलं तर १० ग्रॅमचं पाकीट हातात ठेवतात, एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया म्हणजे तीन हजार झाले, मला हव्यात वीस! आणि घरगुती बागेची म्हणून जी छोटी पाकिटं मिळतात त्यातल्या कित्येकांवर तारीखच नसते. टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते, शेतकरी ती बघून घेतो, मग आम्ही वीस बियांसाठी पैसे मोजणाऱ्यांनी का बघू नये? राहुरीच्या कृषी विद्यापीठानं काढलेल्या धनश्री, भाग्यश्री या सरळ, म्हणजे हायब्रीड नसलेल्या, वाणांचं बी घरासाठी उत्तम, पुढच्या वर्षी आपल्याच झाडाचं धरता येतं, पण ते छोट्या पाकिटात मिळणं मुश्कील.

तर विनंती अशी की पुरवणीत हंगाम यायच्या आधी एकदा फक्त रोपांवर पान द्या, एखाद्या कृषी विद्यापीठातल्या जाणकाराकडून लिहून घ्या, आणि मर लागलेल्या रोपाचा जवळून काढलेला फोटो त्यात नक्की छापा, म्हणजे पुढचा पेला ओतायच्या आधी लोकं थांबतील. पावसाळ्यासाठी जून-जुलैत बी पडतं, हिवाळ्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि घरच्यांना हिवाळी टोमॅटोच सोपा जातो, कारण पारा ३५ च्या वर गेला की फुलं गळायला लागतात. म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत छापून आलं तर बरं होईल, आमच्या काकूंनी या खेपेला डब्याला भोकं पाडून ठेवलीयेत.

आपली नियमित वाचक,
नाशिक