कापसाचा भाव तिकडे-इकडे सारखाच, फरक कोण भरतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क ऑगस्ट ते डिसेंबर 2025 असे माफ केले, तेव्हापासून ‘अमेरिकेच्या शेतकऱ्याला भाव जास्त, म्हणून आपला मरतो’ असे जो तो म्हणतो. मी एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे सगळा कापूस राज्य सरकारच घ्यायचे त्या काळात, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर होतो, आता घरची कोरडवाहू कपाशी बघतो. आकडा क्विंटलवर आणल्याशिवाय मला चैन पडत नाही.

अमेरिकेत सरकीसकट कापसाची संदर्भ किंमत (भाव जिच्याखाली गेला तर सरकार फरक देते ती) 2018 मध्ये पौंडाला 36.7 सेंट होती, 2025 च्या कायद्याने ती 42 सेंट केली. डॉलर 87 रुपये धरा, क्विंटलला साधारण 8,050 रुपये पडतात. आपला 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110. 2018 लाही तेच : तिकडे साडेपाच हजारांच्या थोडे वर, इकडे 5,450. कागदावर उन्नीस-बीस.

फरक पडतो तो काट्यावर. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या वेचणीत दव असते. ओलाव्याचे यंत्र बोंडात खुपसले की तेरा-चौदा टक्के दाखवते, आणि बाराच्या वर कापूस सरकारी खरेदी केंद्रावर घेत नाहीत. आठच्या वर असेल तर भावात कपात. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, ओला कापूस गंजीत तापतो आणि रुई पिवळी पडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण वेचणीवाल्या बायांचे पैसे आठवडी बाजाराच्या आत द्यायचे असतात. गाडी परत आली की ती खेडा खरेदीवाल्याकडेच, म्हणजे गावातच माल घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाते, तो सांगेल त्या भावाने.

अमेरिकेत हा प्रश्नच येत नाही, कारण फरक मिळवायला सरकारला कापूस विकावा लागत नाही. महाराष्ट्राने 1972 मध्ये राज्यातला सगळा कापूस स्वतः घ्यायचे ठरवले. अमेरिकेने 1973 च्या कायद्याने उलटी वाट धरली : माल बाजारात विका, भाव ठरलेल्या किमतीखाली गेला तर फरक आम्ही देऊ. 1996 ला ते मोडले, 2002 ला पुन्हा आणले. ब्राझीलने 2002 मध्येच अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत खटला भरला आणि जिंकला. अमेरिकेने 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन तो मिटवला. त्याच वर्षी कापूस या योजनेतून काढला आणि 2018 मध्ये सरकीसकट परत घेतला! वरून त्याच 2018 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने त्याच संघटनेत आपल्या कापूस हमीभावाविरुद्ध तक्रार केली. त्यांच्या हिशेबात सरकारने घेतलेला आणि खेडा खरेदीत मातीमोल गेलेला, सगळाच कापूस ‘आधार मिळालेला’. हमीभाव ज्या किमतीशी ताडून पाहतात ती 1986-88 ची. त्या भावात आज फवारणीही होत नाही.

त्यांचे सगळे गोड आहे असेही नाही. नोंदलेल्या क्षेत्राच्या 85 टक्क्यांवरच फरक मिळतो, तोही पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर. आमच्याकडे चुकाऱ्याला इतका उशीर झाला तर रास्ता रोको होईल.

तरी फरक देण्याची रीत उचलण्यासारखी आहे. राज्याने 2023 च्या खरिपातील कापूस-सोयाबीनला हेक्टरी 5,000 रुपये दोन हेक्टरपर्यंत दिले, तेव्हा ई-पीक पाहणीची (शेतकऱ्याने मोबाइलवर केलेली पिकाची) नोंद धरली होती. म्हणजे कुणी किती पेरले याचा कागद तयार आहे. ती रक्कम मात्र भावाशी बांधलेली नव्हती. ती बांधावी. मध्य प्रदेशात 2017 ला भावांतर, म्हणजे फरक देण्याची योजना आली तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव पाडल्याची ओरड झाली होती. ठरावीक मुदतीत विकायचे म्हटले की सगळा माल एकदम बाजारात येतो आणि भाव पडतोच. म्हणून अमेरिकेप्रमाणे पूर्ण वर्षाची सरासरी धरावी, आणि ती एका तालुक्याची नव्हे, सगळ्या कापूस बाजारांची.

— एक निवृत्त ग्रेडर व कापूस उत्पादक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा