लांबून गोळी घालणं सोपं नसतं

मा. संपादक, स. न. वि. वि.

गवा शहराच्या वेशीवर आला की आमच्या रंकाळ्यावरच्या कट्ट्यावर एक वाक्य ठरलेलं असतं, ‘लांबून एक गोळी घातली की विषय संपला.’ मी लष्करात हवालदार होतो, ७.६२ मिलिमीटरची एसएलआर रायफल बरीच वर्षं खांद्यावर वागवली. म्हणून हे पत्र.

त्या रायफलीची साडेनऊ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८४० मीटर वेगानं सुटते. १०० मीटरवर नेम बसवलेला असेल, तर ३०० मीटरवर ती अर्धा मीटर खाली उतरते. ५०० मीटरवर तिची ताकद सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उरते. वारा ढकलतो तो वेगळाच. आणि समोर कागद नाही, टनभर वजनाचा नर! काळीज पुढच्या पायामागे, जाड फऱ्याआड. चुकलं तर जखमी गवा उसात शिरणार, मग दुसऱ्या दिवशी पाला काढायला कोण जाणार?

संस्थानकाळात शिकारीला ०.३७५ मॅग्नमसारखी काडतुसं असत. गोळी जवळपास दुप्पट वजनाची, तरी जाणते शिकारी जवळ जाऊनच बार टाकत.

कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य आणलं, ते ५० मीटरवर, १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर नेम धरून. अंतर मुद्दाम सांगतोय. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गव्याला संरक्षण आहे, हे कट्ट्यावर कुणी काढतच नाही. वन खात्याची माणसं येईपर्यंत मोबाईल खिशात ठेवून रस्ता मोकळा करा, तो आल्या वाटेनं जातो बहुतेक वेळा.

– एक निवृत्त हवालदार, कोल्हापूर