टेकडीला रोपं पुरेत, आता माणसं हवीत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की पेपरात दोनचार दिवसांआड तो फोटो येतोच, एकसारखे टीशर्ट घातलेली पंचवीस-तीस माणसं, पुढे बॅनर, एका रोपाला सहा हात लागलेले आणि मागे आपल्या पुण्याची वेताळ टेकडी. त्या माणसांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाहीये, रविवारची झोप सोडून येतात बिचारे, पण आमच्यासारखे जे टेकडीवर बारा महिने जातात त्यांना विचारा की पुढच्या मे महिन्यात त्या रोपाचं काय झालेलं असतं. काठी उभी असते, कधीकधी नावाची पाटीसुद्धा असते, रोप नसतं.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हिशोबच चुकतो. टेकडीवर माती म्हणजे वीतभर, खाली मुरूम नाहीतर सरळ कातळ. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यायचे, जूनचे पहिले एक-दोन चांगले पाऊस झाले की लगेच रोप लावायचं म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा मिळतो. कंपन्यांचे कार्यक्रम होतात ऑगस्टमध्ये नाहीतर गणपतीनंतर, कारण तेव्हा सगळ्यांना सुट्टी जमते. मग रोपाला जेमतेम महिना-दीड महिना पाऊस मिळतो आणि पुढे आठ महिने कोरडे, तेही नर्सरीत रोज पाणी पिऊन वाढलेल्या रोपाला! त्याला निदान पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी लागतं, आळं करावं लागतं, आळ्यात पालापाचोळा टाकावा लागतो, आणि हे पाणी टेकडीवर नळाला येत नाही, पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन न्यावा लागतो. हे काम करणारे बहुतेक आजोबा-आजी लोक आहेत, सकाळी साडेसहाला कॅन घेऊन चढतात, त्यांचा फोटो कुणी काढत नाही आणि त्यांना तो नकोही असतो.

पण माझा मुद्दा पाण्याचासुद्धा नाही, त्याच्या आधीचा आहे. मोकळं गवत दिसलं की आपल्याला वाटतं जागा रिकामी पडलीये, झाड लावूया. सरकारी नकाशांतसुद्धा अशा माळरानाला वर्षानुवर्षं पडीक जमीनच म्हटलं गेलंय, आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचं टार्गेट आलं तेव्हा तर काय, जिथे फावडं लागेल तिथे खड्डा. अहो पण ते गवत रिकामं नसतं! जूनमध्ये पहिल्या पावसानंतर तिथे मुसळी येते, आमरी येते, कळलावी येते, यांचे कंद वर्षभर जमिनीत झोपलेले असतात आणि आपण नेमका तिथेच दीड फुटाचा खड्डा मारतो. तित्तिर, टिटवी, चंडोल जमिनीवर अंडी घालतात, त्यांना उघडं माळच लागतं, दाट झाडी झाली की ते निघून जातात. दोन उतारांमधल्या घळीत, ओढ्याच्या काठाला जरूर झाडं लावा, तीसुद्धा इथलीच, म्हणजे पळस, सालई, मोई, मेढशिंगी, धावडा. पण माथ्यावरचं गवत तेवढं सोडा.

बाहेरचं झाड आणून लावलं की काय होतं हे बघायचं असेल तर फेब्रुवारीत या. सगळीकडे गुलाबी फुलं, लोक रील काढतायत, वा काय सुंदर. ते गिरिपुष्प, आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. भराभर वाढतं, खडकात तग धरतं म्हणून एके काळी पुण्याच्या टेकड्यांवर ढिगाने लावलं, लावणाऱ्यांना तेव्हा बोडक्या टेकड्या हिरव्या करायच्या होत्या आणि त्या झाल्याही. आता मात्र त्याच्या खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. (कुणी उत्साहाने कुऱ्हाड घेऊन जाऊ नका हां, वनखात्याची जागा आहे, परवानगीशिवाय तोडणं सोडा, लावणंसुद्धा चालत नाही.)

तीच गत कॉसमॉसची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिवळी-केशरी फुलं फुलतात, तोही मेक्सिकोचाच पाहुणा, आणि तो फुलला की इथल्या तेरड्याला, सोनकीला जागाच उरत नाही. आणि गाजर गवत तर आपल्या पुण्याचंच म्हणायला हवं, देशात पहिल्यांदा त्याची नोंद झाली तीच पुण्यात, १९५५ साली. ही दोन्ही झाडं फुलं धरायच्या आधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटायची असतात, एकदा बी पडलं की पुढच्या वर्षी परत तेच. हे काम कुणालाही जमतं, शाळेतल्या मुलांनाही, फक्त गाजर गवताला हातमोजे घालायचे कारण त्याने अंगाला भयंकर खाज सुटते, काहींना तर कायमचा त्रास होतो. दोन तासात दहा माणसं मिळून केवढा तरी तुकडा साफ करतात, पण आपल्याकडे उपटण्याच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे कोण येणार!

आता सगळ्यात महत्त्वाचं, वणवा. दिवाळीनंतर गवत वाळायला लागतं आणि मग मेपर्यंत कधीही पेटू शकतं. आपोआप पेटत नाही, कुणीतरी सिगारेट टाकतं, कुणी रात्री पार्टी करून शेकोटी तशीच सोडून जातं, कुणी मुद्दाम लावतं, एक गैरसमजही आहे की जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं. मार्च-एप्रिलमध्ये आग लागली तर टिटवीची अंडी गेली, सरडे, घोरपडीची पिल्लं गेली, आणि ऑगस्टमध्ये फोटो काढून लावलेली रोपं तर गेलीच. राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे पण पकडणार कोण, टेकडीला चहूबाजूंनी वाटा आहेत.

यावर उपाय आहे तो फार जुना आणि कंटाळवाणा आहे, जाळरेषा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, गवत पूर्ण वाळायच्या आत, वाटांच्या कडेने आणि मधूनमधून गवताचे पट्टे कापून साफ करायचे म्हणजे आग लागली तरी पट्ट्यापाशी थांबते. वनखातं करतं पण त्यांच्याकडे माणसं कमी आणि टेकड्या किती, वेताळ, म्हातोबा, चतुःशृंगी, तळजाई... त्यांच्याशी बोलून, त्यांच्या माणसाबरोबर स्वयंसेवकांनी विळे घेऊन उतरायला हवं. आणि आग दिसलीच तर व्हिडिओ नंतर, आधी वनखात्याच्या हेल्पलाइनला १९२६ वर किंवा अग्निशमनला १०१ वर फोन. निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन आग झोडपतात ती अनुभवी माणसं असतात, वाऱ्याची दिशा कळत नसेल तर नवख्याने मध्ये पडू नये, हे मी मुद्दाम लिहितोय कारण उत्साहाला तोटा नाही.

पुणेकरांचं टेकडीवर प्रेम नाही असं मी म्हणूच शकत नाही. एप्रिल २०२३ मध्ये टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याच्या विरोधात हजारो लोक उन्हात चालले होते, त्यात कॉलेजची पोरं होती, काठी टेकत आलेले लोक होते. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवरचा, शहरातला सगळ्यात उंच माथा आहे तो आणि आपला आहे हे सगळ्यांना पटलेलं आहे. त्या मोर्चातले निम्मे जरी डिसेंबरच्या एका रविवारी विळा घेऊन आले ना तर जाळरेषेचं काम दुपारच्या जेवणाआधी संपेल.

कंपन्यांनाही सांगणं हेच, सीएसआरचे, म्हणजे समाजकार्यासाठी ठेवलेले, पैसे रोपांवर आणि टीशर्टवर घालवण्यापेक्षा उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरवर, विळ्या-हातमोज्यांवर आणि रात्री गस्त घालणाऱ्या दोन माणसांच्या पगारावर घालवा. रिपोर्टमध्ये 'किती रोपं लावली' याऐवजी 'तीन वर्षांनी किती जगली' हा आकडा टाका, बघूया किती जण टाकायला तयार होतात.

आणि तुम्हाला एक विनंती. पावसाळ्यातले ते फोटो छापा हवं तर, पण नोव्हेंबरमध्ये जाळरेषेच्या कामाच्या तारखा पेपरात पहिल्या चार पानांत कुठेतरी द्या, आतल्या 'शहरात आज' मध्ये एका ओळीत नको. तारखा तुम्हाला वनखात्याकडून मिळतील.

कळावे,
आपला,
वेताळ टेकडीवर रोज जाणारा एक वाचक
कोथरूड, पुणे