प्रश्न तोंडाने विचारून घ्या

संपादक महोदय,
स. न.

बडोदे स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे माझी नोकरीची ३१ वर्षे गेली. दिवसभर ऐकायचे ते प्रश्नच. गुजराती, हिंदी, मराठी, अधूनमधून इंग्रजी. आता संध्याकाळी दांडिया बाजारातल्या घरी हिंचक्यावर बसलो की शेजारची चार-पाच मुले इंग्रजी घेऊन येतात. त्यांच्यापायी हे पत्र.

त्यात सातवीतली एक मुलगी आहे. अधोरेखित शब्द उत्तरात येतील असा प्रश्न तयार करा, यात तिला पाचपैकी पाच गुण. मी म्हटले, "सकाळी मी कुठे गेलो होतो, ते मला इंग्रजीत विचार बघू." पोरगी हिंचक्याच्या कड्यांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, यू वेन्ट व्हेअर?"

तिला तरी काय बोल लावायचा? मराठीत 'तू गेलास'ला शेवटी 'का' चिकटवला की प्रश्न झाला. गुजरातीत नुसता सूर चढवून 'तू गयो?' म्हटले तरी भागते. शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र कुठून तरी 'डिड' आणायचा, तो 'यू'च्या आधी बसवायचा आणि 'वेन्ट'चा परत 'गो' करायचा, कारण भूतकाळाचे ओझे 'डिड'ने आधीच उचललेले असते. एवढी उठाठेव वहीत जमते, तोंडात बसायला घोकावी लागते.

मी एकच वाक्य घेतो: 'सयाजीराव मेड प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी इन १९०६.' कधी केले? 'व्हेन डिड सयाजीराव मेक...' काय सक्तीचे केले? 'व्हॉट डिड सयाजीराव मेक कम्पल्सरी?' इथवर मुले येतात. कोणी केले, म्हटले की सगळी एका सुरात 'हू डिड मेड'! कर्त्यालाच शोधायचे असेल तर 'डिड'ला सुट्टी, नुसते 'हू मेड', हे पटायला दोन संध्याकाळी गेल्या. एका झोक्याला एक प्रश्न, अडला की पाळी पुढच्याची.

मी काही पंडित नाही. परदेशी प्रवाशांना मी जन्मभर 'प्लीज टेल मी व्हेअर आर यू गोइंग' असे बेधडक विचारत आलो. 'टेल मी' म्हटल्यावर पुढे 'व्हेअर यू आर गोइंग' असा सरळ क्रम लागतो, हे निवृत्तीनंतर नातवाच्या पुस्तकात वाचले. त्यापायी कोणाची गाडी चुकली नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या मुलीच्या शिकवणीत प्रश्न पाठ करून घेतात. तासाच्या शेवटी बाई 'एनी डाउट्स?' म्हणतात, वर्ग 'नो मॅडम' म्हणतो. अख्ख्या तासात प्रश्न विचारला तो बाईंनीच.

म्हणून आपल्याला एक विनंती. मुलांच्या पानावर रोज इंग्रजीतले एक उत्तर छापा, प्रश्न नको. मुलांनी घरात मोठ्याने प्रश्न विचारून पाहावेत, दुसऱ्या दिवशीच्या अंकात ताडून घ्यावेत. पहिले उत्तर मी देतो: 'बिकॉज द ट्रेन वॉज लेट.' खिडकीमागे जन्म काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार!

आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे